दागिना वाटेत गेला, तर बोट कुणाकडे?

तुळशीचं लग्न लागलं की घरोघरी कपाटाच्या आतल्या कप्प्यातली डबी बाहेर निघते. पोहेहाराचा एक पदर सुटलेला असतो, पाटल्यांना उजाळा द्यायचा असतो, सासूबाईंची बोरमाळ लेकीसाठी नव्याने गाठवून घ्यायची असते. हिंगोली, वसमत, कळमनुरीत सराफ पुष्कळ आहेत, पण काम जरा नाजूक असलं की सराफ म्हणतो, "वहिनी, हे नांदेडच्या कारागिराकडे पाठवावं लागेल. आठ दिवसांनी या." आपण बरं म्हणतो आणि घरी येतो. दागिना पेढीवरच्या एखाद्या विश्वासू माणसाच्या पिशवीतून रवाना होतो. मुंबई-सुरतेकडे पिढ्यानपिढ्या हेच काम करणाऱ्याला आंगडिया म्हणतात. आपल्याकडे तो बहुधा दुकानातलाच नोकर असतो, महिन्याच्या पगारावर लाखांचा ऐवज नेणारा.

आता समजा, आखाडा बाळापूरच्या पुढे दोघांनी त्याची मोटारसायकल अडवली, डोळ्यांत तिखट टाकलं आणि पिशवी हिसकावून पळ काढला. संध्याकाळपर्यंत गावात काय बोललं जाईल, ते तुम्हालाही ठाऊक आहे. "त्यानंच घडवून आणलं असेल हो. परवाच बहिणीचं लग्न ठरवलं म्हणे, पैसा कुठून आला?" शेजारीण हळूच विचारते, "तुमच्या कामवाल्या बाईला माहीत होतं ना?" तिसरी म्हणते, "दुसरं कोण असणार, पालावरचेच असतील."

संशय येणं स्वाभाविक आहे, ते मी नाकारत नाही. लुटारूंना दिवस, वाट आणि पिशवी माहीत असल्याशिवाय असं काम होत नाही. कुणीतरी टीप दिलेली असू शकते. म्हणून ज्यांना माहीत होतं त्यांची चौकशी पोलीस आधी करतात. ते त्यांचं कामच आहे. पण माहीत असणं वेगळं आणि चोरी करणं वेगळं. शांतपणे बोटं मोजून बघा, तुमच्या दागिन्याची वार्ता किती जणांना होती? सराफ, त्याचा नोकर, नांदेडचा कारागीर, दुकानात तेव्हा बसलेली दोन गिऱ्हाइकं. शिवाय भिशीत आपणच सांगितलं होतं, "पोहेहार नांदेडला पाठवलाय." त्या आठ-दहा जणी आणि त्यांच्या घरची माणसं. मग बोट एकट्या त्या पोऱ्याकडेच का?

मुंबईतली एक खरी गोष्ट सांगते. मार्च १९८७ मध्ये स्वतःला मोनसिंग म्हणवणाऱ्या एका इसमाने वर्तमानपत्रात जाहिरात दिली, की गुप्तचर आणि सुरक्षा अधिकारी नेमायचे आहेत. नोकरीच्या आशेने आलेल्या तरुणांतून त्याने २६ जण निवडले. १९ मार्चला त्यांना घेऊन तो ऑपेरा हाऊसच्या त्रिभुवनदास भीमजी झवेरी यांच्या पेढीवर गेला आणि सीबीआयची धाड पडल्याचं सांगितलं. नमुन्यादाखल म्हणून दागिने पिशव्यांत भरले, मुलांना तिथेच पहाऱ्यावर ठेवलं आणि माल घेऊन तो निघून गेला. तो पुन्हा कुणाच्या हाती लागला नाही. पोलिसांपुढे उरली ती ही २६ मुलं. वरवर पाहता टोळी तीच! चौकशीनंतर कळलं, की पेढीइतकीच तीही फसलेली होती. पुढे २०१३ साली हिंदीत 'स्पेशल छब्बीस' हा चित्रपट निघाला, त्यामागे हीच हकीकत आहे. जागेवर जो सापडतो, तो गुन्हेगारच असतो असं नाही, एवढं यातून आपण घ्यावं.

आणि पालावरच्या लोकांचं म्हणाल, तर इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं होतं. पारधी समाजाने हा शिक्का फार सोसला. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. पण कुठे चोरी झाली की आजही आपल्या तोंडून पहिलं नाव त्यांचंच निघतं. पाळण्यातल्या पोराला कुणी चोर म्हणेल का? आपण मात्र बसल्या जागी अख्ख्या वस्तीला म्हणून मोकळ्या होतो.

पिशवी नेणाऱ्या त्या माणसाच्या घरीही तुमच्या-माझ्यासारखीच एक बाई आहे. नवऱ्याला ठाण्यात बसवून ठेवलंय, नळावर बायका बोलायच्या थांबल्यात. खरा चोर उद्या सापडेलही. पण तिच्या मुलीचं मोडलेलं स्थळ परत येईलच असं नाही.

मग करायचं काय? संशयाने दागिना परत येत नाही, वर्णनाने येतो. पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे होतं आणि नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. मोल आहे ते सापडलेल्या मालाला आणि तो माल अमक्याचाच, हे पटवण्याला. ते काम तुमचं.

यासाठी आधीच एवढं करून ठेवा. एका वहीत प्रत्येक दागिन्याला एक पान द्या. नाव, वजन, किती पदर, किती मणी, कुठे डाक लावली, कोणत्या बाजूला चीर आहे, सगळं लिहा. पट्टी शेजारी ठेवून दोन्ही बाजूंनी फोटो काढा आणि दोन ठिकाणी जपून ठेवा. एप्रिल २०२३ पासून दुकानात विकल्या जाणाऱ्या हॉलमार्कच्या दागिन्यांवर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी असतो. तो भिंगातून वाचून वहीत उतरवा. आईच्या जुन्या दागिन्यांवर तो नसेल. त्यांचं वर्णन अधिक बारकाईने लिहा.

सराफाकडे देताना कच्च्या चिठ्ठीवर भागवू नका. पक्की पावती घ्या. तीवर वजन, वर्णन, काम आणि तारीख हवी. दागिना बाहेरगावी जाणार असेल तर सरळ विचारा, "वाटेत काही झालं तर जोखीम कुणाची?" १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे सांभाळायला घेतलेल्या वस्तूची काळजी शहाण्या माणसाने स्वतःच्या वस्तूची घ्यावी तितकी घ्यावी लागते. पण तेवढी काळजी घेऊनही वस्तू गेली, तर वेगळा करार नसल्यास तो जबाबदार राहत नाही. म्हणून "वाटेतली जोखीम पेढीची" हे शब्द पावतीवर लिहून मागा. सराफांसाठी विमा मिळतो. त्यात गिऱ्हाइकाचा माल आणि वाटेतला प्रवास धरला आहे का, तेही विचारून घ्या. लाजायचं कारण नाही. चांगला सराफ रागावणार नाही.

चोरी झालीच, तर फिर्याद नोंदवायला हद्दीचं कारण सांगून कुणी परत पाठवू शकत नाही. कोणत्याही ठाण्यात ती नोंदवता येते आणि फिर्याद देणाऱ्याला तिची प्रत फुकट मिळते. फिर्याद बहुधा पेढी देईल. तुम्ही आपल्या पावतीची आणि वहीतल्या पानाची नक्कल पोलिसांना द्या. माहिती विचारण्यासाठी बाईला ठाण्यात यायला भाग पाडता येत नाही, पोलिसांनी तिच्या राहत्या घरी यायचं असतं. हा नियम तुम्हाला लागू आहे, तसाच तुमच्या कामवाल्या बाईलाही.

"कुणावर संशय?" असं विचारलं, तर जे डोळ्यांनी पाहिलं, कानांनी ऐकलं तेवढंच सांगा. "मी अमक्या दिवशी, अमक्यांसमोर दागिना दिला," हे सांगणं उपयोगाचं. "मला आपलं वाटतं," हे मात्र पोटात ठेवा. काही खरोखर पाहिलं असेल, तर तेही बेधडक सांगा. कुणाला पाठीशी घालायचं नाही.

माल सापडला तर वर्षानुवर्षं ठाण्यात पडून राहील, अशी धास्ती बाळगू नका. सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या खटल्यात २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे, की दागिन्यांसारखा मौल्यवान ऐवज पंचनामा, फोटो आणि हमीपत्र घेऊन मालकाला लवकर परत करावा. त्यासाठी कोर्टात अर्ज द्यावा लागतो. तिथेही पहिल्यांदा मागतात ती पावती आणि ओळखीची खूण.

तेव्हा मैत्रिणींनो, या रविवारी दुपारची निजानीज झाली की ती डबी, एक वही आणि स्वयंपाकघरातली पट्टी घेऊन बसा. तासाभराचं काम आहे. आणि पुढच्या भिशीत दागिना कुठे पाठवलाय ते सांगू नका. घरी परत आला की घालूनच दाखवा. एवढं कराल ना?