मणक्यातले सिमेंट बाहेर का झिरपते?



म्हातारी आई मोरीत घसरते, किंवा पाण्याची कळशी उचलताना पाठीत कळ येते आणि तिला उठता-बसता येईनासे होते. फोटो काढल्यावर कळते की मणका दबला आहे. पाळी गेल्यानंतर हाडे ठिसूळ होत जातात, म्हणून हे दुखणे बायांमध्ये अधिक. मग डॉक्टर म्हणतात, "मणक्यात सिमेंट भरू," आणि घरातल्यांच्या पोटात गोळा येतो.

हे सिमेंट इमारतीचे नव्हे. एक पूड आणि एक द्रव ऐनवेळी कालवतात, काही मिनिटांत ते दगडासारखे होते. पाठ न फाडता जाड सुईतून ते दबलेल्या मणक्यात सोडतात. १९८४ साली फ्रान्समधील आमियाँ येथे गालिबेर व देरामाँ या डॉक्टरांनी मानेच्या मणक्यात ते प्रथम भरले.

भीती आहे ती गळतीची. मणक्याच्या पाठीमागेच मज्जारज्जूची पोकळी असते आणि मणक्यात शिरांचे जाळे असते. सिमेंट मागे गेले तर नसा दाबल्या जातात, शिरेत गेले तर वाहत फुप्फुसापर्यंत पोहोचू शकते. बहुतेक वेळा गळती थोडी असते व रोग्याला कळतही नाही. पण क्वचित पाय लुळे पडतात, म्हणून ती हलक्यावर घेऊ नये.

गवंडीकाम करणाऱ्या बांधवांना कारण सांगायला नको. माल पातळ असला की फटीतून ओघळणारच! इथेही तेच. कालवल्याबरोबर घाई न करता सिमेंट टूथपेस्टसारखे घट्ट होईपर्यंत थांबायचे, मग हळूहळू, थोडे थोडे भरायचे. एका मणक्याला चहाच्या चमच्याएवढेही बहुधा पुरते. जास्त भरले की जास्त आराम, हा समज खोटा. गळती मात्र वाढते. भरताना क्ष-किरणांच्या पडद्यावरून नजर हटता कामा नये. सिमेंट मणक्याच्या मागच्या चौथ्या हिश्शाशी आले की हात थांबलाच पाहिजे. दुसरी रीत फुग्याची. आधी मणक्यात फुगा फुगवून पोकळी करतात, मग घट्ट सिमेंट कमी दाबाने बसते. त्यात गळती कमी होते, पण खर्च बराच वाढतो.

तेव्हा डॉक्टरांना न संकोचता विचारा: मणक्याची मागची भिंत शाबूत आहे का? ती सी.टी. स्कॅनमध्ये दिसते. भरताना पडद्यावर सतत पाहण्याची सोय आहे का? नसा दाबल्या गेल्याच तर ताबडतोब उघडी शस्त्रक्रिया इथेच होईल का? विचारण्यात अपमान कसला?

आणखी एक. कर्ज काढण्याआधी हे ऐका. पुष्कळ दबलेले मणके औषध, पट्टा व थोड्या विश्रांतीने दोन-तीन महिन्यांत भरून येतात. २००९ साली दोन चाचण्या प्रसिद्ध झाल्या. त्यांत सिमेंट भरलेल्यांना आणि नुसते भरल्यासारखे केलेल्यांना सारखाच आराम पडला होता. २०१६ च्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत मात्र सहा आठवड्यांच्या आतले ताजे, असह्य दुखणे सिमेंटने कमी झाले. माझ्या मते, गोळ्यांनी भागत असेल तर आधी वाट पाहावी. आई कुशीवरही वळू शकत नसेल तर फार लांबवू नये.

शस्त्रक्रियेनंतर पायाला मुंग्या किंवा अशक्तपणा आला, लघवी अडली, धाप लागली वा छातीत दुखले, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालयात न्या. आणि हाडे बळकट करणारी औषधे डॉक्टरांकडून लिहून घ्या. सिमेंट एकाच मणक्यात भरलेले असते, ठिसूळपणा साऱ्या अंगात असतो.