पोकळीचे बळ

या सदराच्या नित्याच्या वाचकांना आमच्या ‘थोरल्या आक्कां’ची ओळख आहेच. थोरल्या आक्का म्हणजे वडिलांनी मागे ठेवलेली अँबॅसॅडर गाडी. १९९८ साली वडिलांनी तिचे पेट्रोलचे एंजिन उतरवून डिझेलचे बसवून घेतले आणि त्याच वेळी ब्रेकला बूस्टरही जोडला. मराठीच्या प्राध्यापकाने हे लोढणे का बाळगावे, असे सौ. दर दिवाळीच्या साफसफाईत विचारते. जुने ते सांभाळणे हा आमचा व्यवसायच आहे, असे मी उत्तर देतो. यंदा मात्र ते उत्तर देताना माझी जीभ अडखळली.

गेल्या पौषात आम्ही जेजुरीहून परतत होतो. कपाळांवर भंडारा होता. मागे आई आणि सौ., पुढे मी, आणि चाकावर आमची कन्या. तिला परवाना मिळून चार महिने झाले होते. दिवे घाटाचा उतार लागला, खाली मस्तानी तलाव दिसू लागला आणि ती एकदम म्हणाली, “बाबा, ब्रेक दगडासारखा झालाय. दाबतच नाहीये!”

“दुसऱ्या गिअरमध्ये टाक,” मी म्हणालो. एंजिनाने गाडी आवरून धरली. दोन्ही पायांनी ब्रेक दाबून पोरीने ती कडेला उभी केली. मी चाकावर बसलो, ब्रेक दाबून पाहिला आणि मोठ्या रुबाबात म्हणालो, “काही झालेले नाही. असाच असतो तो!”

रात्री मात्र डोळ्याला डोळा लागेना. ‘असाच’ म्हणजे केव्हापासून? ब्रेक एका दिवसात कठीण झाला नव्हता. तो रोज रतीभर घट्ट होत गेला आणि माझा पाय रोज रतीभर जोर वाढवत गेला. गाडीचे दुखणे माझ्या पायाने परस्पर पचवले होते. पोरीच्या पायाला ती सवय नव्हती, म्हणून त्याने खरे ते सांगितले.

एका गॅरेजवाल्याने बॉनेट न उघडताच निदान केले, “बूस्टर गेला. नवा टाका. नऊ हजार.” मी तसाच नाना पेठेतल्या आमच्या जुन्या मिस्त्रींकडे गेलो. ते म्हणाले, “सर, बूस्टर कसा चालतो ते आधी ऐका, मग पैसे खर्च करा.”

बूस्टर म्हणजे एक पत्र्याचा डबा. त्याच्या मधोमध रबराचा पडदा असतो. एरवी पडद्याच्या दोन्ही बाजूंची हवा ओढून घेतलेली असते. ब्रेक दाबला की मागच्या बाजूला बाहेरची हवा शिरते आणि पडद्याला पुढे लोटते. म्हणजे जोर पोकळीचा नव्हे, तिच्याकडे धावणाऱ्या हवेचा! सतराव्या शतकात जर्मनीतल्या माग्देबुर्गच्या ऑटो फॉन गेरिकेने दोन पोकळ अर्धगोल जोडून आतली हवा काढली आणि दोन्हीकडून घोडे जुंपले, तरी ते गोल सुटेनात. तीच ही करामत. पडदा २० सेंटिमीटर व्यासाचा आणि निर्वात पाऱ्याच्या २० इंचांचा असेल, तर सुमारे २०० किलोंचा रेटा पायाच्या मदतीला येतो. निर्वात ९ इंचांवर आला की तोच रेटा शंभराच्या आत.

पेट्रोलच्या एंजिनात हवेच्या वाटेवर झडप असते. ॲक्सिलरेटर सोडला की ती मिटते आणि पुढे आयता निर्वात होतो. डिझेलच्या एंजिनात सहसा अशी झडप नसते. तेथे इंधन कमीजास्त होते, हवा मोकळीच येते. म्हणून निर्वातासाठी वेगळा पंप लागतो. आक्कांचा तो पंप अल्टरनेटरच्या पाठीवर बसवलेला आहे.

मिस्त्रींनी पहिली परीक्षा पायाने घेतली. एंजिन बंद ठेवून ब्रेक पाच-सहा वेळा दाबला, पाय तसाच दाबून धरला आणि एंजिन चालू केले. बूस्टर ठीक असेल तर पेडल या वेळी जरासे खाली जाते. ते हलले नाही. मग त्यांनी मीटर काढला. पंपाच्या तोंडाशी काटा २२ इंचांवर, बूस्टरच्या तोंडाशी ९ वर. “पंप बरा आहे सर. चोर वाटेत आहे.”

त्यांनी नळी चाचपत नेली आणि मधेच थांबून हसू लागले. काळ्या नळीला मध्ये वीतभर हिरवी नळी जोडलेली होती. एंजिनाच्या उष्णतेने मऊ पडून ती जोडाशी फाटली होती. “कोणी हो हे दिव्य केले? ही तर झाडांना पाणी घालायची नळी!”

मी उत्तर दिले नाही. २०२० च्या टाळेबंदीत नळी चिरली होती, गॅरेजे बंद होती, आणि तुळशीच्या नळीचा तुकडा कापून तो जोड मीच दिला होता. ‘तात्पुरता’ म्हणून दिला आणि विसरून गेलो. कन्या शेजारीच उभी होती. तिने एकदा माझ्याकडे पाहिले. तिला सारे कळले.

मिस्त्रींनी निर्वातासाठीच असते ती जाड, अस्तराची नळी अखंड टाकली, कारण साधी नळी ओढीने आतून चिपकते. बूस्टरवरची एकेरी झडप आणि तिचे रबरही बदलले. ही झडप हवा एकाच दिशेने जाऊ देते, त्यामुळे एंजिन बंद पडले तरी एक-दोन ब्रेकांपुरता निर्वात शिल्लक राहतो. काटा २० वर गेला. एंजिन बंद केल्यावर दहा मिनिटांनीही तो जागचा हलला नाही. बिल झाले साडेअकराशे.

मी परीक्षेसाठी चाकावर बसू लागलो, तेव्हा मिस्त्रींनी मला अडवले. “सर, तुमच्या पायाची साक्ष नको. ताईंना बसू द्या.”

ती बसली. पाय दाबून धरला, किल्ली फिरवली. “गेले हो खाली!” ती ओरडली.

परतताना गाडी तिनेच चालवली. स्वारगेटच्या सिग्नलला आक्का अलगद थांबल्या. “घाटात तुला सांगायला हवे होते,” मी म्हणालो.

“काय?”

“की तुझाच पाय बरोबर होता.”

दिवा हिरवा झाला. घरी आल्यावर उरलेली हिरवी नळी मी सौ.च्या स्वाधीन केली. ती आता फक्त तुळशीला पाणी घालते.