कबड्डीतला इराण आणि मरोळची मुलं

१९९० साली आशियाई क्रीडा स्पर्धांत कबड्डी आली, तेव्हापासून पुरुषांचं सुवर्णपदक दरवेळी भारताकडेच येत होतं. २०१८मध्ये जकार्तात इराणने उपांत्य फेरीतच आपल्याला २७-१८ असं हरवलं. महिलांच्या अंतिम सामन्यातही हिजाब बांधून उतरलेल्या इराणी मुली २७-२४ने जिंकल्या, आणि त्यांच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. त्याच वर्षी यू मुंबाने प्रो कबड्डीच्या लिलावात इराणच्या फझल अत्राचलीसाठी एक कोटी रुपये मोजले आणि कर्णधारपदही त्याच्याकडे दिलं. मुंबईतल्या मरोळमध्ये टीव्हीसमोर बसून आपल्या शहराच्या संघासाठी घसा कोरडा करणारी मुलं एका इराण्याच्या पकडीवर टाळ्या वाजवू लागली. ज्यांच्या कानावर इराण फक्त युद्ध आणि तेलाच्या बातम्यांतून पडतो, त्या मुलांना तिथला एक माणूस नावाने ठाऊक झाला. ही ओळख शाळांनी आणि पालकांनी वाया घालवू नये.

मात्र सामना ओळखीपाशीच थांबतो. घोटा धरून चढाईपटूला लोळवणाऱ्या खेळाडूच्या देशात लोक घरी कसे राहतात, कशाला भितात, हे मॅटवर दिसत नाही. त्यासाठी सिनेमा हवा, आणि तो तिथल्याच माणसांनी केलेला हवा. माजिद माजिदींचा १९९७चा ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’ घ्या. अलीच्या हातून धाकट्या बहिणीचे बूट हरवतात. घरात पैसे नाहीत, म्हणून दोघं एकच जोड वापरतात: ती सकाळच्या शाळेला, तो दुपारच्या. दोन पाळ्यांत भरणाऱ्या शाळेतल्या मुलाला यातली धावपळ समजावून सांगावी लागत नाही. आणखी एक प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. वडील मशिदीच्या चहासाठी साखर फोडत बसलेत, समोर ढीग पडलाय, पण स्वतःच्या चहात त्यातला एक खडाही घालत नाहीत, कारण ती साखर मशिदीची आहे. इथे सिनेमा थांबवावा आणि मुलांना विचारावं, आपल्याकडे असं कोण वागतं? मंडळाच्या वर्गणीपासून देवळातल्या दानपेटीपर्यंत उत्तरं येतील. श्रद्धा आणि सचोटीचं नातं धर्मांच्या यादीचा धडा पाठ करून इतकं कळणार नाही.

एका सिनेमावरून सगळा इराण गरीब आहे असा समज होईल, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच मी खेळ आणि सिनेमा या जोडीचा आग्रह धरतो. सुवर्णपदक जिंकणाऱ्या मुलीही तिथल्याच, आणि स्त्रियांना फुटबॉल स्टेडियमचे दरवाजे कित्येक दशकं बंद होते, तोही देश तोच. मोठ्या मुलांना हेही सांगावं. खेळामुळे देशादेशांत द्वेष वाढतो, असंही म्हटलं जातं. समालोचनाचा सूर तसा असतो खरा. पण नाशिकच्या बाईंनी भारताला हरवणारा संघ का घडवला, असं एखाद्या मुलाने चिडून विचारलं तर त्याला गप्प करू नये. त्या वादातून तो बरंच शिकेल. मुलं आधीच स्क्रीनला चिकटलेली असतात, ही तक्रार मात्र इथे लागू होत नाही. एकट्याने मोबाइलवर बोट फिरवणं वेगळं आणि मोठ्या माणसाशेजारी बसून, प्रश्न विचारत एक सिनेमा पाहणं वेगळं.

उरतो तो सर्वांत जड आक्षेप: गावठाण उंबऱ्याशी असताना इराण कशाला? मरोळच्या गावठाणात ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबं आहेत, त्यांच्या घरात मराठीचीच एक बोली बोलली जाते. तरी हिंदी सिनेमाने वर्षानुवर्षं ख्रिस्ती माणूस दाखवला तो इंग्रजाळलेला आणि दारूच्या ग्लासासकट. नुसत्या शेजाराने हे चित्र पुसलं गेलेलं नाही. परक्या देशाबद्दल घरात ठाम मतं कमी असतात, म्हणून नीट पाहण्याचा सराव तिथे सोपा जातो. तो झाला की मुलांच्या हाती मोबाइलचा कॅमेरा द्यावा आणि गावठाणातल्या लग्नघराची परवानगी घेऊन ‘उंबराचं पाणी’ आणण्याचा विधी टिपायला पाठवावं. चित्रण पूर्ण झालं की ते सर्वांत आधी त्याच घरातल्या आजीला दाखवावं, आणि काय चुकलं ते तिच्याकडूनच ऐकावं.