सहलीचा बेत : सोपाऱ्याहून दातिवऱ्याकडे

विलायतेत नोकरीला गेलेली आपली मुले सुट्टीच्या दिवशी मोटार घेऊन तिकडची खेडी पाहायला निघतात. कॉट्सवोल्डच्या दगडी घरांचे, यॉर्कशायरच्या टेकड्यांचे फोटो घरी येतात आणि आईवडील म्हणतात, आपल्याकडे असे रस्ते कुठले? वाचकहो, आम्ही म्हणतो, एकदा विरार ओलांडून पाहा. पालघर जिल्ह्याचा दातिवरे ते सातपाटी हा किनारा, वाड्यांमधून जाणारे त्याचे अरुंद रस्ते, एका बाजूला माड आणि मध्येच दिसणारा समुद्र. डेव्हनच्या गल्लीवजा रस्त्यांवर दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकाने मागे जाऊन वाट द्यावी लागते म्हणतात. इथेही तेच आहे, फक्त समोरून बैलगाडी किंवा एस.टी. येते.

बेत करताना मात्र नुसते किलोमीटर मोजू नका. या किनाऱ्यावर अंतर खाडी ठरवते. दातिवरे वैतरणेच्या मुखाशी, उत्तर तीरावर. पलीकडे अर्नाळा डोळ्यांना दिसतो. पण मोटारीने यायचे तर महामार्गाने वरई फाटा, तिथून पारगाव, सफाळे असा मोठा वळसा. एप्रिल २०२५ मध्ये विरारच्या नारंगी बाजूहून सफाळ्याकडील खारवाडेश्रीपर्यंत रो-रो बोट सुरू झाली. तीत मोटारही चढते आणि साठेक किलोमीटरचा फेरा दीडेक किलोमीटर पाण्यावर येतो. आमच्या मते जाताना बोट आणि येताना घाटरस्ता असा बेत उत्तम. पावसापाण्यात अशा बोटी थांबतात, म्हणून वेळ आणि भाडे निघण्याआधी विचारून घ्यावे.

बोट धरायची तर वाटेतच नालासोपारा आहे. तिथल्या स्तूपाला तासभर द्या. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये तो उकरला आणि आत दगडी पेटी, तिच्यात करंडक आणि बुद्धमूर्ती मिळाल्या. त्या वस्तू मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत आहेत. त्याच साली सोपाऱ्यास अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. या लेखाचा विषयच प्रवास आहे! पूर्वीचे राजे शिकारीसाठी, मौजेसाठी विहारयात्रेला निघत. अभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर सम्राट संबोधीस गेला आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाली. त्या यात्रेत तो वृद्धांना भेटे, खेड्यापाड्यांतल्या लोकांना भेटे, त्यांच्याशी बोले. आपल्या सहलीत गाडीच्या काचा खाली करून कुणाशी चार शब्द बोलणे किती वेळा होते?

आता ओहोटीचे गणित. केळव्याचा पाणकोट ओहोटीलाच पायी गाठता येतो. कोळी बांधवांचा जुना हिशेब असा, की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. पंचमीला पावणेचार, म्हणजे ओहोटी सकाळी पावणेदहाच्या सुमारास. अष्टमीला ओहोटी दुपारी बाराच्या आसपास येते, पण तेव्हा पाणी फार मागे हटत नाही. तेव्हा पंचमी किंवा षष्ठीला जोडून आलेला रविवार पाहा. मोसम दिवाळी ते होळी. आणि पाण्यात पाऊल टाकण्यापूर्वी किनाऱ्यावरच्या माणसाला विचाराच, कारण हिशेब अदमासाचा आहे आणि पाणी परतते ते झपाट्याने.

गावे कमी घ्या. दातिवऱ्याला मुक्काम किंवा निवांत दुपार, मग कोरे, एडवण करीत केळवे. माहीमच्या पानवेली पाहाव्यात, शिरगावच्या किल्ल्यात फांद्या फुटलेला ताड पाहावा. शेवटी सातपाटी. जे पापलेट २०२३ मध्ये महाराष्ट्राचा राज्य मासा ठरले, त्याचे हे बंदर. एवढे दोन दिवसांना पुष्कळ झाले. एका दिवसात दहा किल्ले उरकणाऱ्यांच्या गाडीत मागे बसलेल्या आजीला कुणी विचारीत नाही, की तिला एकदा तरी खाली उतरायचे होते का.

आणखी एक गोष्ट, भगिनींना न विचारता आम्ही लिहितो. सहल पुरुषांची आणि पहाटे चारला उठून भाकऱ्या, चटणी, पुऱ्या बायकांच्या, हे बंद करा. एक वेळचे जेवण वाटेत गावातल्याच कुणा ताईकडे सांगून ठेवावे. चार पैसे तिच्या घरात जातील. भाड्याची गाडी असेल तर तिचा चालक वेगळ्या बाकावर जेवता कामा नये, आपल्याच पंगतीला बसला पाहिजे. पंगतीचा अर्थ आपल्या लोकांना वेगळा सांगावा लागत नाही.

तारापूर आणि डहाणू दुसऱ्या खेपेला ठेवा. मात्र ती खेप फार लांबवू नका. वाढवणच्या मोठ्या बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली, मच्छीमारांचा विरोध असतानाच. तो किनारा आहे तसा मुलांना दाखवायचा असेल, तर येत्या हिवाळ्याची तिथी आताच कॅलेंडरात पाहून ठेवा.