फातोर्ड्याचे लाडके, पण सातवे

एफसी गोवाने एप्रिल २०२२ मध्ये कार्लोस पेन्या यांना मुख्य प्रशिक्षक नेमले, तेव्हा ते ३८ वर्षांचे होते आणि बूट खुंटीला टांगून त्यांना जेमतेम दोन वर्षे झाली होती. इंडियन सुपर लीगचा (आयएसएल) पुढचा हंगाम संपला तेव्हा गोवा सातवा होता. बाद फेरीत सहा संघ जाणार होते. पेन्या गेले, आणि ‘चांगला खेळाडू म्हणजे चांगला कोच नव्हे’ असा निकाल देऊन मंडळी मोकळी झाली. हा निकाल सोयीचा आहे, पण पुरता खरा नाही.

पेन्या मूळचे सालामांकाचे. बार्सिलोनाच्या ब संघातून वर आलेले, पण मोठ्या संघाचे दार त्यांच्यासाठी उघडले नाही. मग आल्बासेते, वायादोलिद, ओव्हिएदो आणि अखेर लोर्का असा प्रवास झाला. डावा बचावपटू, धावपळ करणारा, चेंडू जपून पुढे देणारा. वृत्तपत्रात मथळा व्हावा असे त्यात फारसे काही नव्हते. २०१८ मध्ये लोर्का दुसऱ्या श्रेणीतून खाली घसरला आणि पेन्या पस्तिशीत गोव्याला आले. आयएसएलच्या सुरुवातीच्या वर्षांत युरोपातले नामवंत इथे कारकिर्दीची संध्याकाळ घालवायला येत, म्हणून अशा आगमनाकडे थोडे संशयानेच पाहण्याची आपल्याला सवय झाली होती. पेन्या यांनी तो संशय पहिल्याच हंगामात पुसला. २०१९ चा सुपर कप आणि २०१९-२० ची, साखळीत अव्वल येणाऱ्याला मिळणारी लीग शिल्ड जिंकणाऱ्या संघाच्या बचावफळीत ते होते. त्या शिल्डमुळेच गोवा एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत पोहोचणारा पहिला भारतीय क्लब ठरला.

तेव्हा क्लबने त्यांना का निवडले, हे समजण्यासारखे आहे. प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांना जानेवारी २०२० च्या अखेरीस, साखळीचे तीन सामने उरलेले असताना काढले गेले. हुआन फेरांदो यांनी डुरँड कप जिंकून दिला आणि लगेच डिसेंबर २०२१ मध्ये, भर हंगामात, ते एटीके मोहन बागानला निघून गेले. डेरिक परेरा यांना अर्ध्यावर नाव हाकावी लागली आणि संघ अकरांमध्ये नववा आला. अशा वेळी क्लबला ओळखीचा, विश्वासाचा, पळून न जाणारा माणूस हवासा वाटतो. ड्रेसिंग रूम पाहिलेला, लोबेरांच्या पासिंगच्या फुटबॉलमध्ये मुरलेला, दमट हवेत नव्वद मिनिटे धावलेला. कागदावर पेन्या यांच्याहून योग्य नाव शोधणे खरोखर कठीण होते.

आता हिशेब पाहू. आधीच्या हंगामात गोव्याने २० सामन्यांत ४ विजय, ७ बरोबरी आणि ९ पराभव अशी कामगिरी करून १९ गुण मिळवले होते. पेन्या यांच्या हंगामात ८ विजय, ३ बरोबरी, ९ पराभव आणि २७ गुण. आठ गुण वाढले, म्हणजे प्रगती झालीच. इकेर गुआरोचेना आणि नोआ सदावी यांच्या पायांत गोल होते, प्रेक्षणीय खेळही होता. पण पराभवांचा आकडा नवाचा नऊच राहिला. या एका आकड्यावर आम्ही बराच वेळ थांबलो. जिंकायचे तेव्हा हा संघ जिंकला, पण हरत असलेला सामना बरोबरीत सोडवणे, दिवस आपला नसताना एक गुण पदरात पाडून घेणे, हे त्याला जमले नाही. आणि हे तर नेमके बचावपटूचे शास्त्र! फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबई सिटीने फातोर्ड्यावरच ५-३ ने जिंकून शिल्ड उचलली. घरच्या मैदानावर तीन गोल करूनही हरणारा संघ बचावपटूने घडवलेला असावा, यातली विसंगती कुणालाही टोचेल. त्याच महिन्यात बंगळुरूतला साखळीचा शेवटचा सामनाही गेला आणि सहावे स्थान ओडिशाकडे राहिले. अंतर फक्त तीन गुणांचे होते.

स्वतः चेंडू कधी रोखायचा हे अंगात भिनलेल्या माणसाला तेच दहा जणांकडून करवून घेता येईल असे नाही. ते शिकायला जागा लागते, आणि स्पेनमध्ये ती जागा खालच्या श्रेणींत आहे. पाब्लो आल्फारो यांचे उदाहरण घ्या. हे मध्य बचावपटू सरागोसाचे, एक हंगाम बार्सिलोनात काढलेले, सेव्हियात हावी नावारोंसोबत भल्याभल्या आघाडीवीरांना धडकी भरवणारे. वैद्यकीय शिक्षण घेतलेला हा डॉक्टर मैदानात मात्र इतरांना डॉक्टरकडे पाठवण्यासाठी प्रसिद्ध होता. निवृत्तीनंतर त्यांनी तिसऱ्या श्रेणीच्या गल्लीबोळांतून प्रशिक्षकपद केले. पोन्तेवेद्रा, मिरांदेस, इबिझा. तिथे काही मैदाने कृत्रिम गवताची असतात, संघ तुटपुंजा असतो, आणि चार सामने हरलात तर सामान बांधावे लागते. जानेवारी २०२० मध्ये कोपा देल रेमध्ये त्यांच्या इबिझाने बार्सिलोनाला जवळपास शेवटपर्यंत १-१ वर रोखून धरले. ग्रीझमनने भरपाईच्या वेळेत दुसरा गोल केला तेव्हा कुठे बार्सिलोना सुटली.

पेन्या यांच्यानंतर गोव्यात आलेले मानोलो मार्केझ याच शाळेतले. प्रात, बादालोना, एउरोपा, एस्पान्योलचा ब संघ अशी वर्षानुवर्षे छोट्या क्लबांत घालवून, मग काही काळ लास पाल्मास आणि नंतर हैदराबाद. त्यांच्या हाताखाली हैदराबादने २०२२ चे आयएसएल विजेतेपद फातोर्ड्यावरच मिळवले. गोव्यात त्यांचा पहिला हंगाम सलग १२ सामने न हरता सुरू झाला आणि ४५ गुणांसह तिसऱ्या क्रमांकावर संपला.

तरी इथे पेन्या यांच्या बाजूने एक गोष्ट बोलायला हवी. मार्केझ यांच्या दिमतीला संदेश झिंगन, ओदेई ओनाइंदिया, कार्ल मॅक्यू आले. २७ वरून ४५ वर गेलेले सगळे गुण एकट्या प्रशिक्षकाच्या खात्यावर मांडणे हा अन्याय होईल. खालच्या श्रेणीत झिजले की वर जागा मिळतेच असेही नाही. आल्फारो यांना इतक्या वर्षांत स्पेनच्या पहिल्या श्रेणीचा एकही संघ मिळाला नाही. आणि पेन्या काही संपले नाहीत. थायलंडमधील राच्चबुरी, मग इंडोनेशियातील पर्सिजा जकार्ता असे त्यांचे काम पुढे चालू राहिले. जी उमेदवारी आधी व्हायला हवी होती ती त्यांनी नंतर केली, आणि पहिला धडा गोव्याच्या खर्चाने गिरवला, एवढेच.

म्हणून आमचे मत असे की निवड चुकली नव्हती, वेळ चुकली. पेन्या यांना २०२० मध्येच गोवा प्रो लीग खेळणाऱ्या क्लबच्या विकास संघाजवळ बसवले असते, तर २०२२ चा निर्णय शहाणपणाचा ठरला असता.

यातला अधिक गंभीर भाग आपल्याच माणसांचा आहे. लोबेरा गेल्यावर उरलेले तीन सामने क्लिफर्ड मिरांडा यांच्या हाताखाली खेळले गेले. गोव्याने तिन्ही जिंकले, १४ गोल केले आणि शिल्ड घेतली. पण प्रशिक्षकपद फेरांदो यांना मिळाले, आणि २०२२ मध्ये पेन्या यांना. पेन्या यांचा हंगाम संपला त्याच एप्रिल २०२३ मध्ये कोझिकोडला मिरांडा यांच्या ओडिशाने बंगळुरूला हरवून सुपर कप जिंकला. डेरिक परेरा तर स्वतः भारताकडून खेळलेले बचावपटू. त्यांनी २००५-०६ मध्ये मुंबईच्या महिंद्रा युनायटेडला राष्ट्रीय लीग जिंकून दिली आणि पुढे पुणे एफसीला आय-लीगमध्ये उपविजेतेपदापर्यंत नेले. हे दोन्ही क्लब आज अस्तित्वात नाहीत. ज्या पायऱ्यांवर आपले प्रशिक्षक घडले, त्याच आपण काढून टाकल्या आहेत. वर पोहोचलेला तयार माणूस मग स्पेनमधून आणावा लागतो, कारण तिथे पायऱ्या शाबूत आहेत.

स्पॅनिश प्रशिक्षक गोव्यात यायला हरकत नाही. या मातीला त्यांचा खेळ मानवतो. पण पुढचा कुणी आवडता बचावपटू, तो सालामांकाचा असो की साळशेतचा, निवृत्त होईल तेव्हा क्लबने त्याला आधी तीन हंगाम विकास संघ द्यावा, आणि गोवा फुटबॉल संघटनेने प्रो लीगचे वेळापत्रक असे ठेवावे की त्या तीन हंगामांत त्याला पुरेसे सामने हरायला आणि जिंकायला मिळतील.