भंगारातली मोटर: आधी ओळख, मग वीज

कळंबोलीचा लोखंड बाजार ट्रकभर पत्रे आणि सळयांसाठी ओळखला जातो. घराघरांतून निघणारे लोखंड मात्र भंगारवाल्याच्या काट्यावर जाते. बिघडलेल्या वॉशिंग मशीनची किंमत तिथे वजनावर ठरते. टायमर गेलेला असतो, पत्रा गंजलेला असतो. आतली मोटर बऱ्याचदा धडधाकट असते. तरीही तांब्यासाठी ती फोडली जाते. प्लॅस्टिकचे वेष्टन असलेल्या वायरी उघड्यावर जाळल्या, तर धुरातून डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये वस्तीत पसरतात. म्हणून अशी मोटर वाचवून तिच्यावर धार लावण्याचे यंत्र किंवा छोटा पंखा चालवणाऱ्या हौशी हातांचे कौतुकच व्हायला हवे. मात्र प्रत्येक मोटर प्रत्येक कामाची नसते, हे न कळता केलेला जुगाड जिवावर बेतू शकतो.

सेमी ऑटोमॅटिक मशीनमधली धुण्याची मोटर इंडक्शन प्रकारची असते. तिच्या स्थिर वाइंडिंगमध्ये फिरते चुंबकीय क्षेत्र तयार होते. रोटरला वायर जोडलेलीच नसते. क्षेत्रामुळे त्याच्या सळयांत प्रवाह निर्माण होतो आणि तो क्षेत्रामागे धावू लागतो. चार ध्रुवांच्या मोटरचे क्षेत्र ५० हर्ट्झच्या विजेवर मिनिटाला १५०० फेरे घेते, रोटर थोडा मागे, सुमारे १४०० वर राहतो. घरगुती सिंगल फेजवर क्षेत्राला फिरण्याची दिशा देण्यासाठी दुसरे वाइंडिंग आणि कपॅसिटर लागतो. म्हणून मोटर नुसती गुणगुणत असेल आणि फिरत नसेल, तर दोष अनेकदा कपॅसिटरचा असतो.

मिक्सरची मोटर वेगळी. तिच्या फिरत्या भागाला कार्बन ब्रशमधून प्रवाह मिळतो आणि भार नसताना ती मिनिटाला १५ ते २० हजार फेऱ्यांपर्यंत जाते. शिवाय ती थोडा वेळ चालण्यासाठीच बनवलेली असते.

आता धोका पाहा. सहा इंची धारेच्या चाकावर कमाल वेग छापलेला असतो. समजा, तो ३००० फेऱ्यांचा आहे. असे चाक १८ हजार फेऱ्यांच्या मोटरला लावले, तर वेग सहापट होतो. पण चाक फाडू पाहणारा ताण वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणजे छत्तीसपट. फुटलेल्या चाकाचा तुकडा डोळ्यात किंवा गळ्यात घुसायला क्षणही लागत नाही. धुण्याच्या मोटरचा वेग या मर्यादेत बसतो. तरी चाकावर जाळी आणि डोळ्यांवर चष्मा हवाच.

दुसरा धोका विजेच्या धक्क्याचा. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये विद्युतभार उरू शकतो. तो रोधामार्फत उतरवल्याशिवाय टोकांना हात लावू नये. मशीनमधली मोटर अनेक वर्षे ओलाव्यात राहिलेली असते. तिचे इन्सुलेशन मेगरवर तपासावे आणि वाचन एक मेगाओहमपेक्षा कमी आले, तर ती वापरू नये. लोखंडी बॉडीला अर्थिंग द्यावे आणि ३० मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी बसवावा. घरातला साधा एमसीबी वायर वाचवतो, माणूस नव्हे. यातले काही जमत नसेल, तर परवानाधारक वायरमनची मदत घ्यावी.

हे ज्ञान पाठ्यपुस्तकातल्या आकृतीपेक्षा हातात मोटर आल्यावर पक्के बसते. महाराष्ट्राला ही वाट नवी नाही. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेला विज्ञान आश्रम काम करत शिकण्याच्या तत्त्वावरच उभा राहिला. अरविंद गुप्ता यांनी पुण्याच्या आयुकामध्ये टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी घडवली. सेल, चुंबक आणि तांब्याच्या तारेची मोटर त्यांतलीच एक.

१ एप्रिल २०२३ पासून लागू झालेले ई-कचरा व्यवस्थापन नियम पुनर्प्रक्रियेबरोबर दुरुस्तीलाही स्थान देतात. पनवेल महापालिकेने ई-कचरा गोळा करताना चालू स्थितीतल्या मोटरी बाजूला काढाव्यात, वायरमनकडून तपासून घ्याव्यात आणि शाळा व आयटीआयच्या कार्यशाळांना द्याव्यात. खर्च किरकोळ आहे. कळंबोलीतल्या मुलाने मोटर उघडून ती का फिरते हे समजून घेतले, तर तो चुकीचे चाक तिला लावणार नाही आणि चांगली मोटर फोडूही देणार नाही.