सवलत बॅटरीला नव्हे, वेगमर्यादेला



विजेवर चालणाऱ्या कोणत्याही दुचाकीला परवाना, नोंदणी आणि विमा लागत नाही, हा धाराशिव जिल्ह्यात सर्रास आढळणारा समज कायद्याला धरून नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मध्ये ज्या दुचाकीच्या मोटरची शक्ती 250 वॅटपेक्षा कमी आणि कमाल वेग ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी आहे, तिलाच, आणि तेही पुण्याच्या एआरएआयसारख्या अधिकृत चाचणी संस्थेने तसे प्रमाणित केले असेल तरच, ‘मोटार वाहन’ या संज्ञेतून वगळले आहे; पेडल मारून चालवायच्या विद्युत सायकलीबाबत तर पेडल थांबताच किंवा ही वेगमर्यादा गाठताच मोटरचे साहाय्य बंद व्हावे, अशी अट आहे.

प्रत्यक्षात बॅटरीतून मोटरकडे जाणाऱ्या प्रवाहाचे नियमन करणाऱ्या ‘कंट्रोलर’मध्ये फेरफार करून ही मर्यादा ओलांडता येते, आणि अशाच बेकायदा बदलांविरुद्ध राज्याच्या परिवहन विभागाला मे 2022 मध्ये तपासणी मोहीम हाती घ्यावी लागली होती. वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते; त्यामुळे ताशी 25 किलोमीटरसाठी घडवलेले ब्रेक ताशी 50 किलोमीटरला अपुरे पडतात. याहून गंभीर परिणाम कायदेशीर आहे, कारण मर्यादा ओलांडणारे वाहन कायद्याने मोटार वाहनच ठरते, परंतु त्याचा तृतीय पक्ष विमा, म्हणजे अपघातात इतरांना होणाऱ्या हानीची भरपाई देणारा विमा, उतरवलेला नसतो. परिणामी भरपाईचा सारा बोजा मालकावर येतो, आणि चालक अल्पवयीन असल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम 199-अ नुसार पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कारावास व 25 हजार रुपये दंड होऊ शकतो.

यावर सर्वच विद्युत सायकलींना नोंदणी सक्तीची करावी, हा उपाय सोपा दिसला तरी न्याय्य नाही, कारण परंडा, भूम किंवा लोहारा तालुक्यांतील वाडीवस्तीवरून शाळेला वा कामाला जाणाऱ्यासाठी ही सवलतच या वाहनाचा खरा उपयोग आहे. म्हणून नियमनाचा भर रस्त्यावरील चालकाऐवजी दुकानावर असावा. कलम 182-अ मध्ये नियमबाह्य मोटार वाहन विकणाऱ्या विक्रेत्याला प्रत्येक वाहनामागे एक लाख रुपये दंडाची, एक वर्षापर्यंत कारावासाची किंवा दोन्हींची तरतूद आहे. तिचा आधार घेऊन धाराशिवच्या परिवहन कार्यालयाने दुकानांतील वाहनांची वेळोवेळी तपासणी करावी, आणि मोटरची शक्ती, कमाल वेग, चाचणी प्रमाणपत्राचा क्रमांक व परवान्याची गरज यांचा बिलावर मराठीत उल्लेख करणे विक्रेत्यांना बंधनकारक करावे.

पेडल-साहाय्य सायकलीला पुढे पांढरा व मागे लाल परावर्तक, म्हणजे दुसऱ्याच्या दिव्याचा प्रकाश पडल्यावरच चमकणारी पट्टी, आवश्यक आहे. मात्र गळीत हंगामात रात्रंदिवस उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या धावत असताना तुळजापूर-धाराशिव-येडशी या राष्ट्रीय महामार्गावर तेवढे संरक्षण पुरेसे नाही, म्हणून स्वतः प्रकाशणारा मागचा दिवाही सक्तीचा व्हावा. मर्यादेत राहणाऱ्या वाहनाची सवलत टिकवायची असेल, तर मर्यादा मोडून विकल्या जाणाऱ्या वाहनाला ती मिळता कामा नये.

— एक वाचक, धाराशिव